पेशी स्वतःच्या प्रतिकाराला आवर कसा घालते

पावसाळा मध्यावर आला की सोलापुरातल्या औषधांच्या दुकानांत एक मागणी हमखास ऐकू येते: "प्रतिकारशक्ती वाढवायला काहीतरी द्या." दुकानदारही तयार असतो. कधी काढा, कधी चूर्ण, कधी जस्ताच्या गोळ्या, असे काहीतरी गल्ल्याजवळच्या फळीवरून खाली उतरते. मागणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण त्याच्या घरात किंवा शेजारच्या चाळीत कोणाला तरी डेंग्यू झालेला असतो. पाणी काही दिवसांआड येते म्हणून घरोघरी पिंपे भरून ठेवलेली असतात, आणि त्या पिंपात बॅटरीचा झोत टाकला की एडिस डासाच्या अळ्या शेपटाकडची श्वासनळी पृष्ठभागाला टेकवून, डोके खाली करून लोंबकळताना दिसतात. झोत पडताच वळवळत तळाशी जातात. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हाच प्रश्न लग्नघरात आणि बसथांब्यावरही माझ्यापर्यंत येतो. माझे उत्तर बहुतेकांना आवडत नाही. निरोगी माणसाच्या पेशीत विषाणूविरुद्धची ताकद पुरेशी असते, आणि ती ताकद वाढवण्यापेक्षा तिला धरून ठेवण्यावर पेशी जास्त खर्च करते, असे मी सांगते. हा खर्च नेमका कुठे आणि का होतो, ते जरा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

या विषयाची सुरुवात १९५७ मध्ये लंडनला झाली. ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान या दोन संशोधकांनी कोंबडीच्या अंड्यातील पटलाचे तुकडे घेऊन, उष्णतेने निष्क्रिय केलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणू त्यांच्यावर सोडला. काही तासांनी त्या तुकड्यांभोवतीच्या द्रवात असे काहीतरी उतरलेले आढळले, की तो द्रव ताज्या तुकड्यांवर घातला असता त्यांच्यात जिवंत विषाणूची वाढ होईना. विषाणूच्या कामात अडथळा आणणाऱ्या या पदार्थाला त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिले. आज आपल्याला ठाऊक आहे की हे एकच प्रथिन नसून प्रथिनांचे कुटुंब आहे. बाधित पेशी ते बाहेर सोडते, शेजारच्या पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहीला ते चिकटते, ग्राहीच्या आतल्या टोकाला बांधलेली जॅक१ आणि टिक२ ही विकरे (रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने) जागी होतात, ती स्टॅट१ व स्टॅट२ या प्रथिनांना फॉस्फेट जोडतात, आणि ही जोडी केंद्रकात शिरून काही शे जनुके एकदम चालू करते.

त्या जनुकांतून तयार होणारी प्रथिने काय करतात, हे लक्षात घेतले की आवर घालण्याची गरज आपोआप कळते. त्यांतले एक प्रथिन-निर्मिती थांबवते, पण थांबवताना विषाणूची प्रथिने आणि पेशीची स्वतःची प्रथिने असा भेद फारसा करत नाही. दुसरे आरएनए तोडते, आणि त्यातही पेशीचा आरएनए सुटत नाही. काही प्रथिने पेशीला मरणाच्या वाटेवर नेतात. विषाणू वाढू नये म्हणून पेशी स्वतःचे कामकाज बंद पाडते, असा हा प्रकार आहे. हिपॅटायटिस सीच्या जुन्या उपचारांत इंटरफेरॉनची इंजेक्शने महिनोन्‌महिने दिली जात. त्या रुग्णांना ताप, अंगदुखी, गळून गेल्यासारखा थकवा आणि पुष्कळदा तीव्र नैराश्यही येई. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होत. साध्या 'व्हायरल'मध्ये दोन दिवस अंग मोडून येते, त्यातला मोठा वाटा विषाणूचा नसून या आपल्याच रसायनांचा असतो. जे शस्त्र शुद्ध स्वरूपात टोचल्यावर माणसाला इतके आजारी करते, ते शरीराने सतत उगारून ठेवावे अशी अपेक्षा करणे मला तरी समजत नाही.

दुसरी अडचण ओळखण्याची आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म तिच्यात आहे. जीवाणूला त्याची स्वतःची भित्तिका असते आणि त्या भित्तिकेत आपल्या शरीरात कुठेही न सापडणारे पदार्थ असतात; तो परका आहे हे ओळखणे त्या मानाने सोपे असते. विषाणू मात्र आपल्याच पेशीत, आपल्याच कच्च्या मालातून घडतो. त्याचा आरएनए आपल्या आरएनएसारख्याच चार घटकांचा असतो आणि त्याचा डीएनएही रासायनिकदृष्ट्या आपल्यासारखाच असतो. तरीही पेशी विषाणू ओळखते ती मुख्यतः त्याच्या आरएनए-डीएनएवरूनच. म्हणजे फरक शोधायचा तो रेणूच्या टोकावर, लांबीवर, तो एकेरी आहे की दुहेरी यावर, आणि तो पेशीत कोणत्या जागी सापडला यावर. हे फरक इतके बारीक आहेत, की ओळखणारे प्रथिन जरा सैल झाले तर ते घरच्यांवरच उलटते.

रिग-आय हे असे एक प्रथिन. पेशीद्रवात फिरणारे हे प्रथिन विषाणूंचा आरएनए ओळखते, हे जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले. त्याची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. त्याच्या एका टोकाला इशारा पुढे पाठवणारे दोन खंड असतात, मध्ये आरएनएवर सरकू शकणारा मोठा भाग असतो आणि दुसऱ्या टोकाला आरएनएचे टोक चाचपणारा खंड असतो. शांत अवस्थेत इशारा देणारे दोन्ही खंड मागे वळून मधल्या भागावर दुमडून बसलेले असतात, त्यामुळे प्रथिन पेशीत असूनही गप्प राहते. अनेक विषाणूंच्या आरएनएच्या सुरुवातीच्या टोकाला तीन फॉस्फेटांची रांग उघडी असते आणि तेथे आरएनए दुहेरी असतो. असे टोक सापडले की रिग-आय त्याला पकडते, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा रेणू बसतो, मधला भाग आरएनएभोवती आवळला जातो आणि दुमडलेले खंड सुटून मोकळे होतात.

आपला स्वतःचा संदेशवाहक आरएनए यातून सुटतो, कारण त्याच्या टोकावर केंद्रकातच एक रासायनिक टोपी चढवलेली असते आणि टोपीला लागून असलेल्या पहिल्या घटकावर एक मिथाइल गट लावलेला असतो. रिग-आयच्या ज्या खाचेत आरएनएचे टोक बसायचे, तिथे हा छोटासा मिथाइल गट अडतो. पण नेहमीच इतकी सरळ परिस्थिती नसते. पेशीत दुमडून दुहेरी झालेले स्वतःचे आरएनएही असतात आणि रिग-आय कधीमधी त्यांनाही धरते. अशा वेळी एटीपीचे विघटन उपयोगी पडते: पकड कच्ची असेल तर विघटनाबरोबर रिग-आय त्या आरएनएवरून सुटून बाजूला होते, विषाणूचे टोक पक्के धरलेले असेल तर ते सुटत नाही. ज्या व्यक्तींच्या रिग-आयमध्ये एटीपीसंबंधीच्या या भागात उत्परिवर्तन होते, त्यांच्यात ते घरच्या आरएनएवरच अडकून राहते आणि विषाणू नसतानाही इशारे देत बसते. महाधमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठणे, हाडांची ठेवण बिघडणे, काचबिंदू होणे असा एक दुर्मीळ विकार यातून उद्‌भवतो, हे २०१५ मध्ये उघड झाले. हाडे आणि महाधमनी यांचा विषाणूविरोधी प्रतिकाराशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. वर्गात हे सांगितले की मुलेही तसेच तोंडाकडे बघतात.

खंड मोकळे झाले तरी लगेच गजर होत नाही. त्यांच्यावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाच्या साखळ्या लागाव्या लागतात, तेव्हाच चार रिग-आयचे खंड एकत्र येऊन स्थिरावतात. ट्रिम२५ आणि रिप्लेट ही प्रथिने त्या साखळ्या लावणाऱ्यांत गणली जातात; सिल्ड नावाचे विकर त्या कापून टाकते; आरएनएफ१२५ दुसऱ्याच प्रकारची साखळी जोडून रिग-आयची रवानगी थेट मोडीत करते. शिवाय शांत पेशीत या खंडांवर फॉस्फेट लावून ठेवलेले असते आणि ते काढल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. एका प्रथिनावर इतके पहारेकरी कशासाठी, याचे उत्तर पुढच्या पायरीत आहे. ती पायरी म्हणजे तंतुकणिकेच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या, बाहेरच्या आवरणावर बसलेले माव्स हे प्रथिन. २००५ मध्ये चार वेगवेगळ्या गटांनी ते शोधले आणि प्रत्येकाने त्याला वेगळे नाव दिले; हा गोंधळ जुने शोधनिबंध वाचताना आजही त्रास देतो. रिग-आयच्या चौकडीने माव्सच्या काही रेणूंना एकमेकांवर रचले, की ती रास शेजारच्या माव्सलाही आपल्यासारखे रूप घ्यायला लावते आणि तंतू वाढत जातात. थोड्या रेणूंपासून सुरू झालेली ही रचना स्वतःच पसरते, चुकीची घडी पडलेली प्रायॉन प्रथिने शेजारच्यांनाही तशीच घडी घालत पसरतात तशी. पसरू लागलेली गोष्ट मागे घेणे महाग असते, म्हणून सगळा पहारा तिच्या अलीकडे आहे.

रिग-आयचा सख्खा भाऊ एमडीए५ टोकाकडे पाहत नाही. तो लांबलचक दुहेरी आरएनए शोधतो. इथे पेशीची स्थिती अधिकच नाजूक होते, कारण आपल्या जनुकसंचाचा सुमारे दहावा भाग अलू या एकाच प्रकारच्या पुनरावृत्त तुकड्यांनी भरलेला आहे. त्यांच्या दहा लाखांहून अधिक प्रती आहेत, आणि उलटसुलट दिशेचे दोन अलू एकाच आरएनएत आले तर ते एकमेकांवर बसून लांब दुहेरी आरएनए तयार करतात. एमडीए५ला तो थेट विषाणूसारखा दिसू शकतो. पेशीचा यावरचा उपाय अडार१ हे विकर आहे. ते दुहेरी आरएनएतल्या ॲडिनोसिनचे ठिकठिकाणी इनोसिनमध्ये रूपांतर करते. इनोसिन समोरच्या घटकाशी नीट जुळत नाही, त्यामुळे दुहेरी पट्टी जागोजागी फुगते, वाकते, आणि एमडीए५ला तिच्यावर सलग रांग लावता येत नाही. ज्या उंदरांच्या अडार१मधील हे रूपांतराचे सामर्थ्य काढून घेतले, त्यांची पिले गर्भातच मेली; त्याच उंदरांतून एमडीए५ही काढले, तेव्हा पिले जन्मली आणि मोठीही झाली. विषाणूचा पत्ता नसताना केवळ स्वतःच्या आरएनएबद्दलच्या गैरसमजाने गर्भ दगावतो, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

माणसांत हा गैरसमज कसा दिसतो, ते १९८४ मध्ये फ्रान्समधले बालमेंदूतज्ज्ञ जाँ आयकार्दी आणि फ्रान्स्वाझ गूतिएर यांनी वर्णन केले होते, अर्थात त्यामागचे कारण तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. तान्ह्या बाळांच्या मेंदूत कॅल्शियमचे ठिपके, मेंदूभोवतीच्या द्रवात लिम्फोसाइट पेशींची वाढ, चिडचिड, ताप, आणि शिकलेल्या गोष्टी हळूहळू हरवत जाणे. हे चित्र गर्भावस्थेत आईकडून झालेल्या विषाणुसंसर्गासारखे हुबेहूब दिसते. डॉक्टर रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस वगैरेंच्या तपासण्या करतात आणि त्या सगळ्या नकारात्मक येतात. द्रवातले इंटरफेरॉन मात्र वाढलेले असते. पुढे २००६ पासून एकेक जनुक हाती लागत गेले: ट्रेक्स१, आरएनएज एच२चे तीन भाग, सामएचडी१, २०१२ मध्ये अडार१, २०१४ मध्ये खुद्द एमडीए५. शेवटचे वगळले तर जवळपास सगळी जनुके पेशीतला स्वतःचा आरएनए-डीएनए साफ करणारी किंवा त्याच्यावर खूण करणारी आहेत. बहुतेक प्रकारांत आजार होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते. मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करण्याची चाल आपल्या भागात, मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही घरांत, अजून सुटलेली नाही. असे दुर्मीळ अप्रभावी आजार अशा कुटुंबांत एरवीपेक्षा जास्त दिसतात. 'गरोदरपणात हिलाच काहीतरी झालं असेल' हे सुनेच्या वाट्याला येणारे वाक्य अशा वेळी किती चुकीचे आणि किती निर्दय असते, एवढे तरी यावरून कळावे.

ट्रेक्स१चा उल्लेख आला म्हणून डीएनएकडे वळते. पेशीद्रवात डीएनए सापडणे हे संकटाचे लक्षण मानले जाते, कारण आपला डीएनए केंद्रकात आणि थोडासा तंतुकणिकांत असतो. हा भटका डीएनए ओळखणारे विकर म्हणजे सी-गॅस. ते २०१२-१३ मध्ये सापडले. डीएनएची दुहेरी पट्टी हाती लागली की सी-गॅस दोन घटकांचे एक लहानसे कडे तयार करते, ते कडे आंतर्द्रव्यजालिका या पेशीतल्या पटलांच्या जाळ्यावरच्या स्टिंग या प्रथिनाला जाऊन चिकटते, आणि तिथून पुढे इंटरफेरॉनचा मार्ग सुरू होतो. गंमत अशी, की सी-गॅसला अक्षरांचा क्रम कळत नाही. डीएनए विषाणूचा आहे, जीवाणूचा आहे की माणसाचा, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्याला फक्त लांबी कळते. म्हणून ट्रेक्स१ हे विकर पेशीद्रवात आलेल्या डीएनएचे टोकाकडून तुकडे करत राहते. ते नसलेल्या उंदरांच्या हृदयाच्या स्नायूला दाह होतो आणि ते लवकर मरतात. सोबत सी-गॅसही काढले की वाचतात.

सी-गॅस पेशीद्रवात असते आणि आपला डीएनए केंद्रकात, म्हणून घोळ होत नाही, असे काही वर्षे पुस्तकांत सांगितले जाई. पण नंतर लक्षात आले की पुष्कळसे सी-गॅस केंद्रकातच असते. सुमारे दोन मीटर डीएनएच्या सान्निध्यात राहून ते गप्प कसे बसते, याचा उलगडा २०२० मध्ये एकाच सुमारास अनेक प्रयोगशाळांनी केला. केंद्रकातला डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्यांवर गुंडाळलेला असतो. त्या गोळ्यावर ऋणभाराची एक ठरावीक जागा असते. सी-गॅस डीएनएऐवजी त्या जागेला जाऊन घट्ट चिकटते आणि डीएनए पकडणारा त्याचा भाग झाकला जातो. ज्या डीएनएने ते चेतायचे, त्याच डीएनएच्या वेष्टनाने ते बांधून ठेवलेले असते. वाचल्यावर मी तो शोधनिबंध बाजूला ठेवून जरा वेळ नुसतीच बसले होते. निसर्गाला हे सुचले कसे, असा भाबडा विचार माझ्याही मनात आला.

स्टिंगलाही शेवट नेमून दिलेला आहे. चेतले गेल्यावर ते आंतर्द्रव्यजालिकेवरून गॉल्जी पिंडाकडे निघते, वाटेत टीबीके१ या विकराला जागे करते आणि पुढे लयकारिकेत, म्हणजे पेशीच्या कचरा पचवणाऱ्या पिशवीत, जाऊन नष्ट होते. इशारा देण्याचा प्रवास हाच त्याच्या विल्हेवाटीचाही प्रवास असतो. ज्या मुलांच्या स्टिंगमध्ये ते कायम चेतलेले राहील असा दोष असतो, त्यांच्या बोटांवर, कानांवर, नाकावर तान्हेपणापासून व्रण पडतात आणि फुफ्फुसे कठीण होत जातात. हा आजार २०१४ मध्ये प्रथम मांडला गेला.

एवढ्या पहाऱ्यांतून गेलेला इशारा अखेर इंटरफेरॉनपर्यंत पोचला, तरी सारे संपत नाही. इंटरफेरॉन-बीटाचा संदेशवाहक आरएनए मुळातच अल्पायुषी घडवलेला आहे. त्याच्या शेपटीत त्याला लवकर तोडायला लावणाऱ्या खुणा असतात. बाधा झालेल्या पेशींपैकीही सगळ्या इंटरफेरॉन बनवत नाहीत. थोड्याच बनवतात आणि बाकीच्यांना कळवतात. आणि इंटरफेरॉनने चालू केलेल्या शेकडो जनुकांतच त्याला बंद करणारी जनुकेही असतात. सॉक्स१ हे प्रथिन जॅक विकरांना धरून त्यांचे काम रोखते. यूएसपी१८ ग्राहीच्या आतल्या शेपटाला चिकटून जॅक१ला तिथून दूर ठेवते, त्यामुळे काही तासांनी तीच पेशी पुन्हा इंटरफेरॉन मिळाले तरी पूर्वीसारखी दाद देत नाही.

हे शिकवताना अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने हात वर केला होता. त्याच्या घरी चादरींचे यंत्रमाग आहेत. तो म्हणाला, "मॅडम, बाण्याचा धागा तुटला की मागाच्या कडेचा काटा पडतो आणि माग आपोआप थांबतो, तसंच ना हे?" मी म्हटले, "अर्धं तसं. तुझा माग काहीतरी बिघडलं म्हणून थांबतो. ही पेशी तिचं काम नीट झालं म्हणून थांबते." त्यावर तो थोडा विचार करून म्हणाला, "म्हणजे ठरलेली चादर पूर्ण झाली की थांबणारा माग." मला त्याचे उत्तर माझ्या उत्तरापेक्षा बरे वाटले.

यूएसपी१८ किती मोलाचे आहे ते ज्या थोड्या बाळांत ते जन्मतःच नाही त्यांच्यावरून कळले. २०१६ मध्ये वर्णन झालेली ही बाळे आयकार्दींच्या रुग्णांसारखीच, पण अधिक तीव्र आजारी होती आणि फार काळ जगली नाहीत. माणसात यूएसपी१८ टिकून राहण्यासाठी आयएसजी१५ या आणखी एका प्रथिनाचा आधार लागतो. आयएसजी१५ हे विषाणूविरोधी प्रथिन म्हणून प्रसिद्ध होते. तेव्हा ते नसलेली माणसे विषाणूंना सहज बळी पडतील अशी सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात तुर्कस्तान आणि इराणमध्ये २०१२ मध्ये अशी मुले सापडली ती क्षयाविरुद्धच्या बीसीजी लशीनंतर त्या लशीतल्या जंतूनेच आजारी पडली म्हणून. विषाणूंचा त्यांना विशेष त्रास नव्हता. उलट यूएसपी१८ टिकत नसल्याने त्यांच्या रक्तात इंटरफेरॉनची चाहूल कायम होती आणि मेंदूत कॅल्शियमचे ठिपके होते. म्हणजे ज्याला आपण हल्ल्याचे हत्यार समजत होतो, ते माणसात मुख्यतः आवर घालण्याच्या कामी लागलेले निघाले.

विषाणूंनीही ही सगळी ठिकाणे हेरून ठेवली आहेत. हिपॅटायटिस सीचे विकर माव्सला तंतुकणिकेपासून कापून टाकते. आपल्या शहराच्या ओळखीच्या डेंग्यूबद्दल सांगायचे तर त्याचा आरएनए पेशीच्या आवरणांनी बनलेल्या बारीक कप्प्यांत तयार होतो, रिग-आयच्या नजरेआड. त्याचे एक प्रथिन स्टॅट२ला नष्ट करवते. त्याचे दुसरे विकर स्टिंगलाच कापते, आणि तेही माणसाच्या स्टिंगला. उंदराचे स्टिंग त्याला कापता येत नाही. प्रयोगशाळेतल्या साध्या उंदरांत डेंग्यू नीट रुजत नाही, त्याच्या कारणांत हेही एक आहे. डेंग्यू हा आरएनए विषाणू असून डीएनए ओळखणाऱ्या वाटेवर हल्ला का करतो, असे कोणी विचारले तर उत्तर असे, की बाधेच्या धकाधकीत तंतुकणिकांतला आपलाच डीएनए पेशीद्रवात सांडतो आणि सी-गॅस त्याला हुडकते. डेंग्यूत रक्तवाहिन्या झिरपू लागण्याचा धोका ताप उतरण्याच्या सुमारास येतो. त्या वेळी रक्तातला विषाणू वाढत नसतो, कमी होत असतो. त्या टप्प्यावर रुग्णाला काढे पाजून प्रतिकार 'वाढवण्यात' काय हशील आहे? त्याला लागते ते योग्य प्रमाणात पाणी आणि रक्ततपासणीवर लक्ष.

वटवाघळांचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. अनेक घातक विषाणू बाळगूनही ती फारशी आजारी पडत नाहीत, आणि २०१८ मध्ये असे आढळले की त्यांच्या स्टिंगमध्ये सेरीन हा प्रथिनाचा एक महत्त्वाचा घटक बदललेला असल्याने त्यांचा हा इशाराच मंद आहे. उडताना होणाऱ्या प्रचंड चयापचयात डीएनएची मोडतोड होत असावी आणि तिच्यावर सतत गजर होऊ नये म्हणून हा बदल टिकला असावा, असा तर्क आहे. तर्क देखणा आहे, पण मी तो परीक्षेत पूर्ण गुणांचे उत्तर म्हणून स्वीकारणार नाही.

मी प्रतिकारशक्तीचे महत्त्व कमी करते आहे असा समज होऊ नये. कमतरतेची किंमतही करोनाकाळात मोजून मिळाली. २०२० मध्ये ९८७ गंभीर रुग्णांची तपासणी झाली, त्यांतल्या १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे होती, आणि त्यांत पुरुष फार जास्त होते. सुरुवातीच्या दिवसांत इंटरफेरॉन न मिळाल्याने विषाणू फोफावला. पुढे दाह अनावर झाला तेव्हा त्याच साथीत बारिसिटिनिबसारखे जॅक विकरे रोखणारे औषध देऊन प्रतिकार दाबावा लागला. पहिल्या दिवशी जे कमी पडले, तेच दहाव्या दिवशी जास्त झाले. याच काळात गाजलेल्या एमआरएनए लशींचा पायाही या ओळखीच्या खेळातच आहे: कॅटालिन कॅरिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवले की आरएनएतल्या युरिडिन या घटकाच्या जागी त्याचेच किंचित बदललेले रूप, स्यूडोयुरिडिन, घातले तर पेशीचे पहारेकरी त्याला परका समजत नाहीत. आपल्या पेशीही स्वतःच्या आरएनएवर अशाच खुणा करतात. या कामाला २०२३ चे नोबेल मिळाले.

आवर सुटलेल्या मुलांसाठी आता उपचार आहे. जॅक१ आणि जॅक२ रोखणारे बारिसिटिनिब आयकार्दी-गूतिएर विकाराच्या ३५ रुग्णांना दिल्याचा अनुभव २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या अनेकांनी मान धरणे, हसणे, बसणे अशा पूर्वी न जमलेल्या गोष्टी साध्य केल्या. त्याच वर्षी यूएसपी१८ नसलेल्या एका बाळाला रुक्सोलिटिनिब हे जॅक रोखणारेच दुसरे औषध देऊन वाचवल्याची नोंद झाली. मात्र मेंदूची आधीच झालेली हानी ही औषधे भरून काढत नाहीत, त्यामुळे निदान किती लवकर होते यावर बरेच अवलंबून राहते.

शिवाय जॅक१ हे विकर फक्त या विषाणूविरोधी इंटरफेरॉनच्या सेवेत नाही. क्षयाच्या जंतूला कोंडून ठेवणाऱ्या पेशींना बळ देणारे इंटरफेरॉन-गॅमाही जॅक१ आणि जॅक२ यांच्यामार्फत बोलते. त्यामुळे बारिसिटिनिब सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते, आणि सुप्त क्षय आढळला तर त्याचे उपचार आधी सुरू करावे लागतात. नागीण उलटण्याचा धोकाही या औषधांनी वाढतो. जिथे जन्मताच प्रत्येक बाळाला बीसीजी टोचली जाते आणि घरात एखादा खोकणारा आजोबा असण्याची शक्यता नेहमीच असते, तिथल्या बालरोगतज्ज्ञाला म्हणूनच हे औषध लिहिताना बाळाबरोबर सगळ्या घराची चौकशी करावी लागते.